भट्टीचा दिवस

मला कुणी कोंडून ठेवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझं ऐकून कुणीतरी आमच्या दारात पोलीस आणायचं. आमच्या घराचं फाटक दिवसभर उघडं असतं. सासू छळत नाही, सासरे ओरडत नाहीत, नवरा सुपारीचंसुद्धा खांड तोंडात टाकत नाही. माझी आई तिकडे कुरुंद्यात गल्लीभर सांगत फिरते, आमच्या कोमलला हिंगोलीत डोक्यावर बसवून ठेवलंय म्हणून. ठेवलंय, खोटं कशाला बोलू? पण डोक्यावर बसून दिवस कसे काढायचे, हे तिला कुणी विचारत नाही.

आमच्या घरात बाईला बाहेर पडायला काम लागतं. असा नियम कुणी केलेला नाही, पण आहे. आणि काम म्हणून काही उरलेलंच नाही. भाजीवाला दारात येतो. किराणा माझा नवरा दुकान बंद करून येताना आणतो. नवऱ्याचं नाव बालाजी, बसस्टँडजवळ त्याचं खता-बियाण्याचं दुकान आहे. त्याच्या तोंडावर मी 'अहो' म्हणते, इथं बालाजी म्हणते. ब्लाउज शिवणारी घरी येऊन माप घेऊन जाते. लोकर संपली की बालाजी फोनवरून मागवतो आणि कुरिअरवाला फाटकातून आवाज देतो. लेकरू असतं तर त्याला शाळेत सोडायला तरी गेले असते. ते अजून नाही, आणि त्यावरून मला कुणी एक शब्द बोलत नाही. बोलले असते तर भांडून तरी घेतलं असतं.

ओट्यावर माझे सासरे बसतात. व्यंकटराव. मी त्यांना मामा म्हणते. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, जिल्ह्यातला एकेक फाटा त्यांना पाठ आहे. आता खुर्ची टाकून पेपर वाचतात आणि कुणाच्या चपलेचा आवाज झाला की पेपरातून मान वर न काढता विचारतात, "कुठं?" तिकीट फाडायच्या आधी विचारायचे तसंच. मग नाव सांगावं लागतं. 'इथंच', 'जरा', असलं काही चालत नाही. नाव सांगितलं की म्हणणार, "काहून तकलीफ घेतीस? मी आणतो की." आणि खरंच चपला घालून निघणार. सत्तरीच्या माणसाला उन्हात पाठवून आपण पंख्याखाली बसायचं. असं दोन-चारदा झालं की माणूस मागायचंच सोडून देतो. मी सोडलं.

या घरात 'कुठं' हा प्रश्न फक्त टायगरला लागू नाही. टायगर आमचा कुत्रा. नाव टायगर, पण मांजर गुरगुरलं की पलंगाखाली जातो. सकाळची भाकरी खाल्ली की तो फाटकातून जो निघतो, तो दुपारी पायाला चिखल लावून परत येतो. कयाधू नदीपर्यंत जात असणार, दुसरीकडं एवढा काळा गाळ नाही. मामा त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत. कुत्र्याचा हेवा करणारी बाई जगात मी एकटीच असेन, पण करते. काय करू?

मग मी विणते. हिंगोलीत थंडी पडते ती केवढीशी, तरी माझ्या सुया बारा महिने चालू असतात. नात्यातल्या सगळ्या तान्ह्यांच्या कुंच्या झाल्या, मोजे झाले, मामांची कानटोपी झाली. मध्ये टायगरला स्वेटर केलं. त्यानं ते निमूटपणे घालून घेतलं आणि गल्लीतल्या कुत्र्यांकडून फाडून आणलं. आता एक मोरपंखी स्वेटर आहे, ते मी विणते आणि उसवते, परत विणते. सासूबाई कौतुकानं म्हणतात, "पोरीच्या हाताला विसावा म्हणून न्हाई." मी सुयांकडं बघत राहते.

पण वर्षातून एक दिवस माझा होता. भट्टीचा.

जुन्या बाजारात इब्राहीमभाईंची बेकरी आहे. वर्षभर तिथं पाव, खारी, टोस्ट. पण दिवाळी जवळ आली की ती भट्टी अख्ख्या गावाची होते. घरून मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, वेलदोडे घेऊन जायचं. तिथली माणसं पीठ मळून देतात. मग आपण खाली बसून पत्र्याच्या ट्रेमध्ये बिस्किटं लावायची, चिठ्ठीवर नंबर घ्यायचा आणि आपले ट्रे भट्टीत जाऊन परत येईपर्यंत थांबायचं. थांबावंच लागतं. नाहीतर आपली तुपाची बिस्किटं दुसऱ्याच्या डब्यात जातात, त्यांची डालड्याची आपल्याकडं येतात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत दोन घरांचं बोलणं बंद. म्हणून ट्रेपाशी घरची बाई पाहिजे. तिथं सगळ्या बायकाच बसलेल्या असतात, त्यामुळं मामांनाही 'मी आणतो की' म्हणता येत नाही. एवढं एकच काम त्यांच्या हातून सुटलं होतं.

माझं लग्न होईपर्यंत हे काम सासूबाईंचं होतं. शालूबाई त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणते. माझ्या पहिल्याच दिवाळीला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझे गुडघे आता खाली बसू देईनात. भट्टीवर हिला धाडा." मला तर धाडल्याचा रागच आला होता. नवी नवरी, अनोळखी बाजार, सोबत जड डबे. ट्रे ओळखू यावा म्हणून मी त्याच्या कडीला लाल लोकर बांधली. आता भट्टीत जाणाऱ्या ट्रेला कुणी लोकर बांधतं का? पण मला भट्टी कुठं माहीत होती! थोड्या वेळानं केस जळल्यासारखा वास सुटला. इब्राहीमभाईंच्या बायकोनं, गौसियाचाचीनं, तो ट्रे बाहेर ओढायला लावला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "कोन हाय ही लोकरवाली?" सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. त्या दिवसापासून भट्टीवर मी लोकरवाली. व्यंकटरावांची सून नाही, बालाजीची बायको नाही.

त्याच दिवशी चाचीनं माझी चिठ्ठी बघितली आणि म्हणाली, "बेटा, तुझा नंबर दुपारून. इथं धुरात काहून बसतीस? जा, फिरून ये. ट्रेवर माझी नजर हाय."

"कुठं जाऊ?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"आता ते बी मीच सांगू?" चाची म्हणाली आणि पुढच्या बाईची चिठ्ठी फाडायला लागली.

मी गेले. पहिल्या वर्षी भीतभीत कयाधूच्या पुलापर्यंत. कठड्याला टेकून उभी राहिले, खाली म्हशी पाण्यात बसल्या होत्या, त्या बघितल्या आणि परत आले. एवढंच. दुसऱ्या वर्षी गांधी चौकाच्या मागच्या गल्ल्या धरल्या. एका गल्लीत नुसती भांडी, एकीत पत्रावळी आणि सुंभ, एकीत घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, डोळ्याला भिंग लावून. मी रस्ता चुकले आणि मुद्दाम कुणाला विचारलं नाही. नंतरच्या वर्षी लोकरीचं दुकान सापडलं. लोकर हातात घेऊन बघायची, गालाला लावायची, हे मी विसरलेच होते. त्या दुकानात मी एवढा वेळ काढला की दुकानदारानं पाणी दिलं. काही घेतलं नाही. घरी काय सांगणार, लोकर कुठून आली? गाड्यावर उभी राहून गरम भजी खाल्ली आणि तोंड पुसून भट्टीवर आले. माझे ट्रे तयार होते. चाचीनं विचारलंसुद्धा नाही, कुठं होतीस म्हणून.

घरी आले की बालाजी म्हणायचा, "भट्टीवरून आलीस की तुझं तोंड कसं फुलून येतं गं!" एकदा मी म्हणाले, "मला बिस्किटं भाजायला फार आवडतं." माझ्या नवऱ्याचा एक गुण आहे. बायको काय म्हणते ते तो नीट लक्षात ठेवतो.

यंदा मी रेल्वे स्टेशन ठरवलं होतं. कुठं जायचं नव्हतं. प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर बसून एक गाडी येताना बघायची, ती उभी असताना खिडक्यांतली माणसं बघायची आणि ती गेली की उठायचं. पावसाळ्यापासून मी हेच मनात घोळवत होते. भांडी घासताना स्टेशन, सुया चालवताना स्टेशन.

दसरा झाला आणि दारात टेम्पो थांबला. एवढं मोठं खोकं. बालाजी नवरदेवासारखा कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुकानातून लवकर आला होता. मामांनी वायरमन बोलावून स्वयंपाकघरात जाड पिनेचा नवा पॉइंट आधीच करून घेतला होता. मला वाटलं होतं, फ्रिज बदलायचाय. "उघड, उघड," बालाजी म्हणाला. आत ओव्हन होता. काळा, चकचकीत, पुढं काच.

"आता काहून जायचं भट्टीच्या धुरात?" बालाजी म्हणाला. "दिवसभर ताटकळत बसावं लागतं तुला तिथं. आता घरातच भाज, आपल्या मनानं, कवा बी."

"आन् नंबर बी न्हाई," मामा म्हणाले.

मी ओव्हनच्या काचेत बघत होते, तिच्यात आमचं स्वयंपाकघर दिसत होतं आणि मधोमध मी. मला रडू फुटलं. बालाजीला वाटलं आनंदानं. त्यानं फोन काढून माझा रडतानाचा फोटो घेतला आणि कुरुंद्याला माझ्या आईला पाठवला. आईनं हात जोडलेली चिन्हं पाठवली.

मी सरळ मार्गानं जायचा प्रयत्न केला नाही असं नाही. म्हणाले, भट्टीची सर याला नाही. बालाजी म्हणाला, करून तर बघ. मग मी वाकड्यात शिरले. पहिली खेप जाळली. मुद्दाम. आच पूर्ण वाढवली आणि मागच्या अंगणात जाऊन कपडे वाळत घालत बसले. स्वयंपाकघर धुरानं भरलं, टायगर भुंकत सुटला, बिस्किटांचा कोळसा झाला. मला वाटलं, झालं. आता ओव्हन माळ्यावर जातो.

कशाचं काय! बालाजीनं दुपारचं दुकान नोकरावर टाकलं आणि फोनवर व्हिडिओ लावून माझ्या शेजारी पाटावर बसला. मामा खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हातातलं घड्याळ धरून वेळ सांगायला लागले. बसच्या वेळा पुकारायचे त्याच आवाजात. "झाली! काढा!" पुरुष माणसं इतकी रमलेली मी कधी बघितली नव्हती. पहिल्यांदा मला माझं स्वयंपाकघरसुद्धा माझं राहिलं नाही असं वाटलं. इकडं नवरा, तिकडं सासरा, मध्ये तो तापलेला डबा. बिस्किटं मात्र सुरेख झाली, बदामी रंगाची, टाळूला चिकटत नव्हती. मामांनी गल्लीत घरोघर वाटली आणि आल्यावर सगळ्यांनी केलेलं कौतुक बोलून दाखवलं.

खरी गंमत अशी की आमच्या घरात बिस्किटं कुणालाच फारशी आवडत नाहीत. बालाजी एखादं खातो. मामांच्या दाढा हलतात. दर वर्षी तो डबा होळीपर्यंत टायगर संपवतो. मग आम्ही दर वर्षी एवढी का भाजून आणतो, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता.

आता चव घ्यायच्या फक्त आत्याबाई राहिल्या. त्यांनी पहिल्या दिवशी एक तुकडा मोडला, तोंडात धरला आणि बाकीचं बशीत ठेवून दिलं. "मला न्हाई मानवलं. पित्त उसळतंय."

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मशीनचीच ती. भट्टीचा खमंगपणा कुठून येणार?"

तिसऱ्या दिवशी कपाळाला फडकं बांधून पडून राहिल्या. बालाजीनं तूप वाढवून परत करायला लावली. त्यांनी वास घेऊन बशी सरकवली. मामांनी पित्ताची गोळी आणली, ती त्यांनी उशीखाली ठेवली. रोज सकाळी तोच पाढा. "ह्येच ठेवायचं का लक्ष्मीपूजनाला? देवाला काय वाटंल?" जेवताना तेच, चहाला तेच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, इथं माझा जीव घुसमटतोय आणि या बाईला चव सुचतेय. जन्मात बिस्किटाला शिवली नाही ती बाई आता खमंगपणा शोधत होती. मी तोंडानं काही बोलले नाही, भांडी मात्र आपटली. बालाजीचा चेहरा रोज थोडा थोडा उतरत होता. एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. सकाळचा चहा झाला, सगळे बसले होते. आत्याबाईंनी पुन्हा बशी सरकवली. "न्हाई गं बाई. ह्ये माझ्यानं व्हत न्हाई."

"मी बेकरीतून भट्टीची विकत आणतो," बालाजी म्हणाला.

"विकतची डालड्याची असत्यात. देवाला डालडा?"

"मग काय करू आता, आई? तूच सांग." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

आत्याबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि बोलायला तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी माझा बांध फुटला.

"चुलीत घाला ती बिस्किटं!" मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं की टायगर उठून अंगणात गेला. "मला कधीच बिस्किटांसाठी जायचं नव्हतं. ना भट्टीची, ना ओव्हनची, मला बिस्किटंच नकोत. ट्रे चाचीपाशी टाकून मी गावात फिरत होते. दर वर्षी. एकटी. उगाच."

मामांनी पेपराची घडी घातली.

"फिरत होतीस?" ते म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "कुठं?"

"कुठंही. पुलावर. गल्ल्यांनी."

"काम काय व्हतं पुलावर?"

"काहीच नव्हतं, मामा."

त्यांनी बालाजीकडं बघितलं. काम नसताना उतरणारा प्रवासी त्यांना नोकरीत कधी भेटला नसावा. बालाजी मात्र मोकळं हसला. आठ दिवसांचं ओझं उतरल्यासारखा. "एवढंच व्हय? अगं मग सांगायचं की! मी काय मेलो होतो? इतके वर्ष चोरून काहून फिरलीस? चल, उठ, आत्ताच चल."

"मला एकटीला..."

"एकटी कशापायी? मी हाय ना."

"व्हय, घेऊन जा तिला," मामा म्हणाले. "चूक आपलीच हाय. पोरीला आपण काही दाखवलंच न्हाई. दिवाळी झाली की सगळेच औंढ्याला जाऊ, दर्शन घेऊ. येताना सिद्धेश्वरचं धरण बी दाखवू. जीप करू."

मी भांडायच्या तयारीनं उठले होते. 'आमच्या घरच्या बाया असं करत नाहीत', असं काहीतरी कुणीतरी म्हणेल, मग मी म्हणेन, मग रडारड, मग काय ते एकदाचं होईल. पण समोर सगळे माझ्यावर माया करत उभे होते. आता मी कुणाशी भांडू? एकटी हा शब्द मी दोनदा उच्चारला होता, तो कुणाच्याच कानात शिरला नाही. आत्याबाई तेवढ्या खाली मान घालून बसल्या होत्या. मला वाटलं, रागावल्या.

बालाजीनं मोटारसायकल काढली, सीट पुसली. मी मागं बसले. त्यानं मला गाव दाखवलं. "हा गांधी चौक. ही मागची भांड्यांची गल्ली." गल्लीत गाडी जात नव्हती, म्हणून तोंडाशीच हॉर्न वाजवून वळवली. "हा बघ, तुझा पूल." पुलावर मागून ट्रक येत होता, थांबता आलं नाही. मी मान वळवून पाणी बघितलं तोवर पूल संपला. "ह्ये रामलीला मैदान, इथं तर दसऱ्याला आलतो आपण." मग स्टेशन. फाटकातून आत नेऊन त्यानं गाडी गोल फिरवली. "ह्ये स्टेशन. आता गाडीची वेळ न्हाई. बघण्यासारखं काय न्हाई इथं."

बाकडं दिसलं मला. त्याच्यावर एक माणूस आडवा झोपला होता.

येताना जुना बाजार लागला. भट्टीसमोर बायकांची ही गर्दी, ट्रेवर ट्रे, धूर, आरडाओरडा. गौसियाचाची उंबऱ्यात बसून चिठ्ठ्या देत होती. तिनं मला बघितलं, माझ्या पुढं बसलेल्या बालाजीला बघितलं आणि अर्धवट वर केलेला हात खाली घेतला. बालाजीनं गाडी हळू केली. "थांबायचं का? थांब वाटलं तर. मी हाय इथं उभा. घाई न्हाई मला."

तो खरंच उभा राहिला असता. माझे ट्रे लागेपर्यंत, उन्हात, न कुरकुरता. पण माझ्याकडं ट्रे कुठं होता?

"नको," मी म्हणाले. "घरी चला."

"झालं ना समाधान?" घराजवळ आल्यावर त्यानं विचारलं. "आता दर रविवारी. तू फक्त सांग, गाडी तयार." इतका आनंदी होता तो. मी हो म्हणाले. मला त्याचा राग येत नव्हता आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

ओट्यावरून मामांनी आज 'कुठं' विचारलं नाही. "दाखवलं का सगळं?" म्हणाले. मी मान हलवून आत गेले.

आत्याबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. चहा त्यांनीच टाकला होता. माझ्यापुढं कप सरकवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला धीर म्हणून न्हाई, पोरी."

"चुकलं माझं. देवासमोर तुम्हाला भट्टीचीच..."

"देवाचं राहू दे. आता सकाळी मी काय म्हणणार व्हते? मशीनचं मला मानवत न्हाई, विकतचं देवाला चालत न्हाई, मग पाठवा कोमलला भट्टीवर. बालाजी लगेच व्हय म्हणला असता, रडकुंडीला आलता पोरगा. आठ दिवस पित्त धरून पडले मी ह्याच्यापायी. मला कुठलं आलंय पित्त? दगड पचवीन मी."

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"गौसियाला कुणी सांगितलं, सुनेला धुरात बसवू नको म्हणून?" त्यांनी दाराकडं बघितलं. मामांचा पेपर खडबडत होता. "तिच्या सासूनं मला सोडलं, तिनं तुला. भट्टीच्या मागल्या बाजूला टॉकीज व्हती तवा. ट्रे लावला की दुपारच्या खेळाला जाऊन बसायची मी. पण इकडं नंबर लागायचा. मग अंधारातच उठून यायची. इतके पिक्चर बघितले, एकाचा बी शेवट न्हाई बघितला. या घरात बिस्किटं कुणाला आवडत व्हती गं? तुझ्या मामाला तर कवाच न्हाई. तरी मी एक दिवाळी सोडली न्हाई."

"आणि गुडघे?"

"दुखत्यात की. पण गावात रिक्षा न्हाई का?"

"मग मला कशाला दिलंत?"

"एका कामाला दोघींना कोण पाठवतं?" त्या म्हणाल्या.

मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्याच वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. एवढे दिवस ही बाई माझ्या वाटेत उभी आहे असं समजून मी भांडी आपटत होते.

"पुढच्या वर्षी काहीतरी..." मी म्हणाले.

"आता कशाचं पुढचं वर्ष? त्यान्ला कळलं ना, काम नव्हतं म्हणून. ह्ये सांगायचं नसतं गं. तू सांगून बसलीस." त्या रागावल्या नव्हत्या. दमल्या होत्या. "चहा घे, निवतोय."

बाहेरून मामांनी आवाज दिला, पित्त कसं आहे म्हणून. "बरं हाय आता," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांनी हात लांब करून ओव्हनच्या बिस्किटांचा डबा ओढला, झाकण काढलं, एक बिस्किट चहात बुडवलं आणि सगळं खाल्लं.

"चांगली झाल्यात," त्या म्हणाल्या. "तूप बराबर पडलंय." आणि त्यांनी दुसरं घेतलं.